होडीला रेस किती द्यायची?

आज किनाऱ्यावर जाऊया, खारदांड्याच्या कोळीवाड्यात. छोट्या होडीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन, म्हणजे आउटबोर्ड, तुम्ही पाहिलंच असेल. त्याचं पेट्रोल आधी भरावं लागतं आणि मासळी मिळेलच याची खात्री नसते. म्हणून प्रश्न असा, की जाता-येता रेस किती द्यायची?

याचं उत्तर इंजिनपेक्षा होडीच्या तळात जास्त आहे. होडी पाणी कापत जाते तेव्हा स्वतःची लाट तयार करते. वेग वाढला की ती लाट लांब होते. ती होडीएवढी लांब झाली की होडीला जणू चढ लागतो. मग रेस वाढवली तरी वेग फारसा वाढत नाही. ही हद्द काढणं सोपं आहे. होडीची पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्या, वर्गमूळ काढा, 1.34 ने गुणा. 25 फुटांना 6.7 नॉट, म्हणजे ताशी साधारण 12 किलोमीटर.

त्या हद्दीच्या आधीसुद्धा खर्च भराभर चढतो, कारण लागणारी ताकद ढोबळमानाने वेगाच्या घनात वाढते. समजा, ताशी 9 किलोमीटरला तासाला 2 लिटर जातात. मग 12 ला जवळजवळ पावणेपाच जातील. जाऊन-येऊन 30 किलोमीटर धरा. सावकाश गेलात तर पावणेसात लिटर, जोरात गेलात तर जवळपास 12. वाचली किती? 50 मिनिटं.

हलकी, सपाट तळाची होडी मात्र वेगळी. ती पाण्यावर उचलली जाऊन घसरत पळते. तिला नाक वर करून चालवणं सगळ्यात महाग. एकतर हळू चालवा, नाहीतर पूर्ण उचलू द्या आणि मग रेस जराशी कमी करा.

आता मोजायचं कसं? फोनचं जीपीएस पुरे. समुद्र शांत हवा, माणसं आणि जाळी नेहमीएवढी, आणि अंगात लाइफ जॅकेट. टाकी खुणेपर्यंत भरा. एकाच रेसवर 10 मिनिटं जा आणि वळून 10 मिनिटं या, म्हणजे भरती-ओहोटीची ओढ दोन्हीकडून कटते. मग मापाच्या भांड्याने टाकी पुन्हा खुणेपर्यंत भरा. एकूण किलोमीटर भागिले लिटर. असं तीन-चार वेगवेगळ्या रेसवर करा आणि आकडे लिहून ठेवा.

पण सगळ्यात स्वस्त वेग रोजच योग्य असतो असं नाही. समोरून ओढ असेल तर थोडी जास्त रेसच परवडते. मासळी वेळेत बाजारात पोचायची असेल तर ती 50 मिनिटं पाच लिटरांपेक्षा मोलाची ठरू शकतात. आकडा हातात असला की ठरवणारे तुम्ही.

एक नियम मात्र मोडू नका: टाकीचा एक भाग जायला, एक यायला, एक राखून. पेट्रोल संपलं म्हणून समुद्रात कडेला थांबता येत नाही.

भेटू पुढच्या भागात!