म्हातारपणी मन काय जपून ठेवते?



मी गिरणी कामगार. शाळा थोडी झाली, पण वाचनाची सवय लागली. आज घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींविषयी दोन शब्द बोलतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. वडील संपात. मला आठवते ती भूक आणि गहाण पडलेली तांब्याची कळशी. आईला विचारलं, तर ती सांगते शेजारच्या मावशींनी पदराखाली झाकून आणलेले तांदूळ. एकदा मी चिडून म्हणालो, "आई, तू खोटं सांगतेस. आपण उपाशी होतो." आई गप्प बसली. ते माझं चुकलं.

अमेरिकेत सुसान चार्ल्स, मारा मॅथर आणि लॉरा कार्स्टेन्सन या संशोधक बायांनी २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. तरुण, मधल्या वयाचे आणि ६५ ते ८० वर्षांचे अशा लोकांना चित्रं दाखवली. काही चांगली, काही वाईट, काही साधी. मग विचारलं, काय काय आठवतं? वय वाढत गेलं, तसं आठवलेल्या चित्रांत वाईट चित्रांचं प्रमाण कमी होत गेलं. कार्स्टेन्सनबाईंचं म्हणणं असं, की उरलेला काळ थोडा आहे हे उमगलं की माणूस मनाला बरं वाटेल तिकडे जास्त लक्ष देतो.

म्हणजे हे खोटं बोलणं नव्हे. सगळ्यांचं असंच होतं असंही नाही. काहींचं दुःख म्हातारपणीही सुटत नाही. मात्र कुणी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागलं, घरचा रस्ता चुकू लागलं, तर "वय झालं" म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा.

बंधूंनो, वही घ्या आणि म्हाताऱ्यांजवळ बसा. आधी त्यांना जे गोड वाटतं ते लिहा. कडू आठवण हळूच विचारा, नको म्हणाले तर ओढून काढू नका. भूक आपण पाहिली असेल, तर ती आपण लिहावी. तांदूळही खरे आणि भूकही खरी.

परवा मी आईला विचारलं, "मावशींनी किती तांदूळ आणले होते गं?" ती हसून म्हणाली, "दोन शेर." मग थोड्या वेळानं आपणहून म्हणाली, "कळशी मात्र सोडवता आली नाही रे."