आधी बैठक, मग मन



दहावी-बारावीची परीक्षा जवळ आली की व्याख्यानमालेत एक पुष्प ठरलेलं असतं, 'यशाची गुरुकिल्ली'. आयोजकांनी मलाही तेच सुचवलं होतं. मी विषय बदलून घेतला. गुरुकिल्ली वाटणारा वक्ता टाळ्या घेऊन संध्याकाळच्या गाडीने परत जातो आणि दुसऱ्या दिवशी भूमितीचं पुस्तक होतं तसंच मिटलेलं राहतं.

घरोघरी एकच तक्रार ऐकू येते, 'याचं अभ्यासात मनच लागत नाही.' आपण धरून चालतो की आधी मन लागतं आणि मग अभ्यास होतो. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. अभ्यास थोडा जमला की मन लागतं. न जमणाऱ्या गोष्टीत कुणाचं मन लागलंय? तुमचं-माझं तरी लागतं का?

आता हा 'थोडा' किती, ते बघू. प्रमाणाचं मूलभूत प्रमेय घ्या. मुलं ते पाच वेळा वाचतात, 'येतंय' म्हणतात आणि पेपरात तिसऱ्या ओळीला अडकतात. त्यापेक्षा एकदा वाचा, पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर आकृती काढा. पक्ष, साध्य, रचना लिहा. समान उंचीच्या त्रिकोणांची क्षेत्रफळं पायांच्या प्रमाणात असतात, इथवर याल आणि पुढे अडाल. अडाल तिथेच पुस्तक उघडा, तेवढी एक ओळ बघा आणि पुन्हा मिटा. अर्ध्या तासात प्रमेय तुमच्या हातचं होतं. अमेरिकेत रोएडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर हेच तपासलं. पाच मिनिटांनी विचारलं, तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं, तर न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. बोर्डाचा पेपर काही पाच मिनिटांनी नसतो! शिवाय कागदावर स्वतःच्या हाताने पुरं केलेलं प्रमेय दिसलं की दुसऱ्या दिवशी बसण्यासाठी कुणाला ओरडावं लागत नाही. प्रेरणा म्हणतात ती एवढीच.

पण बसायचं कुठे? इथे मात्र मला मुलांना सोडून तुम्हा मोठ्यांकडे वळायला हवं.

खोपोली-भिवपुरीकडच्या या आपल्या तालुक्यांची एक गंमत आहे, गंमत कसली, खंतच. खोपोलीचं वीजकेंद्र १९१५ साली सुरू झालं आणि भिवपुरीचं १९२२ साली. सह्याद्रीतल्या पाण्यावर इथे तयार झालेल्या विजेने मुंबईच्या गिरण्या चालल्या. त्याच डोंगराखालच्या वाड्यांवर दिवा पोचायला पुढे कितीतरी वर्षं गेली. आज दिवा आहे. पण एका खोलीत आजारी आजी, टीव्ही, धाकटी भावंडं आणि चूल. त्या खोलीतल्या दहावीच्या मुलीला 'मन एकाग्र कर' सांगणं ही चेष्टा झाली.

कातकरी आदिवासी कुटुंबांची गोष्ट त्याहून अवघड. दिवाळी झाली की वीटभट्टीची उचल घेऊन घरं बंद होतात, ती पावसाच्या तोंडाला उघडतात. म्हणजे ज्या महिन्यांत सराव परीक्षा, तोंडी, प्रात्यक्षिक आणि शेवटी बोर्ड, नेमक्या त्याच महिन्यांत आईबाप भट्टीवर. मुलगा बरोबर गेला तर शाळा सुटली, मागे राहिला तर भाकरी कोण करणार? शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा आहे. दहावीला बसणारं मूल बहुधा त्याबाहेर गेलेलं असतं. ते मधेच गळालं की आपण शेरा मारतो, 'त्याला शिकायचंच नव्हतं.' हा शेरा मला खोटा वाटतो.

माथेरानचे स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आपण २ जानेवारीला आठवतो, १९४३ साली त्या दिवशी ते सिद्धगडावर हुतात्मा झाले म्हणून. पण त्याआधी या वकिलाने शेतकरी-आदिवासींच्या मुलांसाठी शाळा काढल्या आणि अडीअडचणीच्या दिवसांसाठी धान्यकोठारंही उभी केली. शाळा आणि धान्य ही दोन कामं त्यांनी वेगळी मानली नाहीत. फुलं वाहताना आपण एवढं तरी ध्यानात घ्यावं.

निकालाच्या भीतीबद्दल थोडंच बोलतो. शेजारच्या मुलाचे टक्के जेवताना काढू नका. एखादा विषय राहिला तर जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते, एक-दोन विषय राहिले तरी अकरावीत एटीकेटीने बसता येतं. हे घरात आधीच, परीक्षेपूर्वी, मोठ्याने सांगा. मूल निवांत होतं म्हणून अभ्यास सोडतं, हा समज काढून टाका. घाबरलेलं मूल पुस्तक उघडून नुसतं बसतं, एवढंच.

शेवटी एक मागणं. शाळेचे वर्ग, समाजमंदिर, ग्रामपंचायतीचा हॉल संध्याकाळी कुलपात असतात. परीक्षा संपेपर्यंत रोज सात ते दहा ते उघडा. दिवे लावा, चटया टाका, गावातला एखादा पदवीधर पोरगा किंवा पोरगी तिथे बसू द्या. ज्यांचे आईबाप भट्टीवर आहेत त्यांच्या रात्रीच्या जेवणाची पाळी गावातल्या घरांनी वाटून घ्या. मुलींना सोडायला कुणीतरी सोबत जा. खर्च फारसा नाही, किल्ली कुणाकडे आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. उद्या सकाळी जाऊन मागा.