प्रवेशाच्या खिडकीमागून



कॉलेजच्या प्रवेशाच्या खिडकीमागे बसणाऱ्याला लोक नुसता कारकून समजतात. मीही बँकेत खिडकीमागेच बसतो, म्हणून सांगतो, तिथून पुष्कळ दिसते. सूचना फलकावर सर्वांसाठीच लागते. पण जातीचा दाखला वेळेत कोण आणतो? ज्याच्या घरी आधी कोणी शिकलेले आहे तो! १९७० साली अमेरिकेतील टिचेनॉर, डोनोह्यू व ओलियन यांनी हेच मांडले : माहिती वाढली की सुस्थितीतले लोक ती लवकर उचलतात आणि ज्ञानाची दरी रुंदावते. संज्ञापनशास्त्रात हा सिद्धांत प्रसिद्ध आहे.

मग प्रवेश विभागात नोकरी करणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी यावरच संशोधन का करू नये? पत्रकारिता व जनसंज्ञापन विषयात नेट देता येते. एम.ए.ला खुल्या वर्गास ५५ टक्के लागतात, अनुसूचित जातींना ५०. सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेला वयाची अट नाही. फेलोशिपला मात्र ३० वर्षांची आहे, आपल्याला ५ वर्षे सवलत. नोकरीत अडकलेल्यांची नेमकी हीच संधी हुकते. कायम जागा थोड्या, तासिका तत्त्वावर वर्षे जातात. म्हणून हातची नोकरी घाईने सोडू नका. तेहतीस-चौतिशीत असलेल्यांनी सभा संपल्यावर मला जरूर भेटावे.