सूर्याच्या पोटातला पाहुणा

अंगठ्याच्या नखातून दर सेकंदाला सूर्याकडून आलेले सुमारे सहा हजार कोटी न्यूट्रिनो आरपार जातात. रात्रीसुद्धा! तेव्हा ते पृथ्वी भेदून खालून येतात.

हे कण थेट सूर्याच्या गाभ्यातून निघतात. ते मोजण्यासाठी अमेरिकेच्या रेमंड डेव्हिस यांनी दक्षिण डाकोटातल्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली सुमारे दीड किलोमीटरवर, ड्रायक्लीनिंगसाठी वापरतात त्या द्रवाची ६१५ टनांची टाकी बसवली. न्यूट्रिनो क्लोरीनच्या अणूवर आदळला, की त्याचा आर्गॉन होतो. जॉन बाकॉल यांच्या गणिताप्रमाणे रोज एकदीड अणू मिळायला हवा होता. मिळाला सरासरी दोन दिवसांत एक. १९६८ पासून वर्षानुवर्षे हीच तूट. मग चूक कोणाची? टाकीची, गणिताची, की सूर्याची?

डेव्हिस यांना सापडणारे बहुतेक न्यूट्रिनो तापमानाबाबत फार हळवे. दीड कोटी अंशांचा गाभा काही टक्के थंड असला, तरी त्यांची संख्या एक तृतीयांशावर येते. पण तो थंड कशाने होणार? १९८५ मध्ये स्पर्गेल आणि प्रेस यांनी सुचवले, की आकाशगंगेतले कृष्णद्रव्याचे कण सूर्यात अडकले असावेत. चुलीतले निखारे चिमट्याने उचलून बाजूला ठेवावेत, तसे हे कण मधली उष्णता थोडी बाहेर नेतील. सूर्याचे तेज तेवढेच, गाभा मात्र निवलेला. कल्पना मोठी देखणी होती, हे मान्य करायला हवे. दुसरीकडे काहींनी न्यूट्रिनोंनाच किंचित चुंबकत्व देऊन सूर्याच्या चुंबकीय क्षेत्रावर बोट ठेवले.

सूर्याचा पृष्ठभाग पाचेक मिनिटांच्या तालावर खालीवर होतो. या कंपनांवरून आतला ध्वनिवेग काढला, तर तो बाकॉल यांच्या प्रतिमानाशी अर्ध्या टक्क्याच्या आत जुळला! गाभा थंड नव्हताच. अखेर २००१-०२ मध्ये कॅनडातल्या सडबरीच्या खाणीत, हजार टन जड पाण्यात, उत्तर मिळाले. न्यूट्रिनो हरवले नव्हते, वाटेत जात बदलत होते. सगळ्या जातींची बेरीज गणिताइतकीच भरली. २००२ मध्ये डेव्हिस नोबेलचे मानकरी ठरले.

गंमत म्हणजे कृष्णद्रव्याचा पाहुणा पुन्हा दारात आला. २००९ च्या सुमारास सूर्यातल्या ऑक्सिजन-कार्बनचे नवे, कमी आकडे आले आणि जुळलेला ध्वनिवेग बिघडला. इटलीतल्या बोरेक्सिनो प्रयोगाने २०२० मध्ये कार्बन-नायट्रोजन चक्रातले न्यूट्रिनो पकडले. त्यांचा कल जुन्या, जास्तीच्या आकड्यांकडे आहे. ते खरे ठरले, तर या पाहुण्याला परत दारातूनच जावे लागेल.