राजुरीत खाऱ्या पाण्याची टाकी

समुद्रापासून दूर राजुरीतही घरात खाऱ्या पाण्याची टाकी उभी राहू शकते. फक्त विहिरीचं, बोअरचं पाणी थेट भरू नका. शेतातल्या खतांचं नायट्रेट त्यात उतरलेलं असू शकतं आणि मग शेवाळ माजतं. आरओचं पाणी घ्या, लिटरला साधारण 35 ग्रॅम मत्स्यालयाचं मीठ विरघळवा. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. यानंतर थांबायचं, आणि हेच सर्वांत अवघड. अमोनियाचं नायट्राइट, त्याचं पुढे नायट्रेट करणारे जिवाणू वाढायला महिना-दीड महिना लागतो. त्याआधी मासा सोडणं म्हणजे त्याला विषात लोटणं. टाकीसाठी मालवणच्या समुद्रातलं प्रवाळ उचलून आणायचा तर विचारही नको. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत दगडी प्रवाळं आहेत. उन्हाळ्यात पाणी 26 अंशांच्या आसपास ठेवा, तापलं की प्रवाळ पांढरं पडतं.