दोन लाखांची गाडी, पावणेतीन लाखांचा गिअरबॉक्स

जुनी ऑटोमॅटिक गाडी स्वस्तात मिळतेय, घेऊ का, असं मला महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतं. आज त्यावर आमच्या घरचीच गोष्ट सांगतो, आकड्यांसकट.

बाबांची गाडी २०१२ची. चार गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली जुनी ऑटोमॅटिक. ते साताऱ्यात, मी पुण्यात. त्यांचा डावा गुडघा कामातून गेलाय, क्लच दाबणं जमतच नाही. या गाडीमुळे आईला दवाखान्यात नेणं, बँक, मंडई, सगळं त्यांचं ते करतात. कुणाच्या मागे लागावं लागत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मागच्या दिवाळीत पुण्यात सर्व्हिसिंग करून गाडी परत नेत होतो. खंबाटकीचा चढ लागला आणि इंजिन नुसतं ओरडायला लागलं. आरपीएम चार हजार, गाडी मात्र तीसच्या वर जाईना. कसाबसा घाट चढलो. दुसऱ्या दिवशी डी टाकला की दोन सेकंद काहीच नाही, मग धाडकन झटका.

सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावला आणि अर्ध्या तासात कोटेशन दिलं. नवीन गिअरबॉक्स असेंब्ली, मजुरीसकट २ लाख ७५ हजार. गाडी चालू असती तर फार तर सव्वादोन लाखाला गेली असती. इन्शुरन्सचं विचारू नका. झीज आणि मेकॅनिकल बिघाड साध्या पॉलिसीत येतच नाही.

मी तिथेच म्हटलं, भंगारात काढू. मग डोकं जरा शांत झाल्यावर एक गोष्ट खटकली. गिअरबॉक्स कुणी उघडलाच नव्हता! कोडमध्ये बग सापडत नाही म्हणून लॅपटॉप बदला, असं कुणी म्हटलं तर आपण हसू ना?

एका मित्राने ऑटोमॅटिकचंच काम करणारे एक मिस्त्री सुचवले. त्यांनी आधी खालचा पॅन उघडला. ऑइल लाल असायला हवं, ते काळं होतं आणि जळका वास येत होता. तळाला बारीक काळी भुकटी. ते म्हणाले, "साहेब, हे क्लच प्लेटचं मटेरियल आहे. लोखंडाचे तुकडे असते तर गिअर गेले म्हटलं असतं. ऑइल कधी बदललं होतं?"

इथे माझी चूक सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका मेकॅनिकने सात हजारांत गिअरचं ऑइल बदलू का, विचारलं होतं. मी कुठेतरी 'लाइफटाइम फ्लुइड' वाचलं होतं, त्याला ऐटीत नको म्हटलं. बाबा तेव्हा म्हणाले होते, "बदलून घे की." लाइफटाइम म्हणजे कुणाचं लाइफ, हे तेव्हा विचारायला हवं होतं.

आता ऑटोमॅटिक इतका महाग का? आत क्लच प्लेटचे गठ्ठे असतात, प्लॅनेटरी गिअर असतात आणि ऑइलच्या दाबाने हे सगळं चालवणारी व्हॉल्व्ह बॉडी असते, सोलेनॉइडसकट. पण सगळं एकदम जात नाही. कधी ऑइलच कमी असतं, कधी एकच सोलेनॉइड अडकतो. तेवढ्यावर भागलं तर पाच आकड्यांत सुटता. आमचं तेवढ्यावर भागलं नाही.

दोन रस्ते उरले. एक, कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून वापरलेला गिअरबॉक्स, पंचेचाळीस हजार, बसवायचे पंधरा वेगळे. गॅरंटी? "चालवून बघा, आठ दिवसांत बोला." तो गिअरबॉक्स अपघातातल्या गाडीचा की पुरातल्या, कोण सांगणार? दुसरा, आपलाच रिबिल्ड करायचा. नवीन प्लेट, सील, व्हॉल्व्ह बॉडीची साफसफाई, कन्व्हर्टरचं काम, मिळून ८८ हजार, सहा महिन्यांची वॉरंटी.

सगळे म्हणतात, गाडीच्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास खर्च गेला की विकून टाक. मला तो हिशोब अर्धवट वाटतो. बिघडलेल्या गाडीला साठ हजार मिळत होते. नवी ऑटोमॅटिक घ्यायची तर सात लाखांचं कर्ज, पाच वर्षं, नऊ टक्के, म्हणजे हप्ता साधारण साडेचौदा हजार. रिबिल्ड म्हणजे सहा हप्ते. गाडी सहा महिन्यांच्या पुढे जितकी चालेल तितका फायदा. विकून येणारे साठ हजार धरले तरी दहा-अकरा महिन्यांत बरोबरी. अट एकच, इंजिन आणि बॉडी धड हवी. आमची ब्याण्णव हजार किलोमीटर चाललेली, गंज नाही. २०२७ला पंधरा वर्षं पूर्ण होतील, तेव्हा रजिस्ट्रेशन नूतनीकरणाचे पाच हजार आणि वर ग्रीन टॅक्स, तेही धरलं.

बाबांना फोन केला. म्हटलं, "बाबा, तुम्ही सांगाल तसं करू." ते जरा थांबून म्हणाले, "रिक्षाने जाईन मी, तू खर्चात पडू नको." त्यावर मी रिबिल्डचं अॅडव्हान्स भरून टाकलं.

दहा दिवसांचं काम अठरा दिवस चाललं, सील मिळेना म्हणून. नाना पेठेत तीन चकरा झाल्या. गाडीला आता नऊ महिने झालेत. सकाळी थंड असताना दुसऱ्यावरून तिसऱ्याला जाताना हलका धक्का बसतो, मिस्त्री म्हणतात राहील तेवढा. गेल्या महिन्यात बाबा स्वतः खंबाटकी चढून पुण्याहून घरी गेले. ग्लव्हबॉक्समध्ये त्यांनी एक छोटी वही ठेवलीय. पहिल्या पानावर गिअर ऑइल बदलल्याची तारीख आणि किलोमीटर, खाली लाल पेनने पुढचं कधी ते. त्याखाली माझा मोबाईल नंबर.