कुलूप आणि कथा

दौंड-शिरूरकडील घरीं आजीनें गोष्टींत कोडें घातलें, कीं उत्तर सांपडेपर्यंत नातवंडांस झोंप कशी यावी? हीच युक्ति आतां पडद्यावरील खेळांत उतरली आहे.

२००९ सालीं जपानांत कोतारो उचिकोशी यांच्या दिग्दर्शनाखालीं ‘नाइन अवर्स, नाइन पर्सन्स, नाइन डोअर्स’ हा खेळ निघाला. त्यांत नऊ माणसें जहाजावर कोंडलेलीं असतात व नऊ तासांत त्यांस सुटावयाचें असतें. खेळणारा कादंबरीप्रमाणें संवाद वाचतो, कोडीं सोडवितो. कोणतें दार निवडलें, यावर कथेचा शेवट ठरतो.

पुण्यासही ही कला परकी नाहीं. तेथील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’चा ‘राजी’ हा खेळ २०२० सालीं बाहेर पडला. २०१७ मधील लोकवर्गणीचा प्रयत्न फसला असतांही अविचल सिंग, श्रुती घोष प्रभृतींनीं तो तडीस नेला. सर्कशींतील राजी दैत्यांनीं पळविलेल्या धाकट्या भावाच्या, गोलूच्या, शोधार्थ निघते. लढाया पुष्कळ, परंतु वाटेंतील चक्रें जुळविलीं, कीं भावंडांच्या आठवणींचीं चित्रें प्रकट होतात. कुलूप उघडतांच कथाही उघडावी, हेंच या कलेचें मर्म होय.

तीं चक्रें दौंडचा मुलगाही सहज फिरवील. कथेचें निवेदन मात्र प्रथम इंग्रजी होतें. पुढें हिंदी आलें. आजीचें कोडें शब्दांच्या खुबीवर उभें असतें. तें पडद्यावर आणावयाचें, तर मराठींतच घालावें लागेल.